टाकीपासून जेटपर्यंत : जुन्या पद्मिनीतील पेट्रोलचा माग

सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालणारी, स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना, एकसारखी वाजणारी आणि सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होणारी गाडी चढाला लागली की मिनिटभरात गचके खाऊ लागते, ॲक्सिलरेटर दाबला तर अधिकच दम सोडते, शेवटी बंद पडते आणि पाच-सात मिनिटे कडेला उभी केली की पुन्हा निमूटपणे सुरू होते, हे लक्षण कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, असलेल्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या पुष्कळांच्या ओळखीचे असेल. वडिलांनी १९८६ साली घेतलेली आमची प्रीमियर पद्मिनी गेल्या उन्हाळ्यात याच दुखण्याने बेजार झाली होती. सासवडला जाताना दिवे घाट असो की साताऱ्याच्या वाटेवरचा खंबाटकीचा चढ असो, गाडी अर्ध्यावर थांबणार हे जवळपास ठरलेले असे. या दोषाचा शोध कसा लागला ते मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण सापडलेला दोष वीतभर लांबीच्या एका रबरी नळीतला असला तरी त्याच्यापर्यंत ज्या क्रमाने पोहोचता आले तो क्रम कार्ब्युरेटर असलेल्या कोणत्याही गाडीला उपयोगी पडावा.

आमच्याकडे शोध सुरू होण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये बरेच सुटे भाग बदलून झाले होते. आधी ठिणगीसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सर, मग ठिणगी पाडणारे चारही प्लग, त्यानंतर कार्ब्युरेटर खोलून नवे किट. प्रत्येक बदलानंतर गाडी काही दिवस बरी चाले आणि पुन्हा मूळ पदावर येई. त्या गॅरेजमधील कामात हलगर्जीपणा नव्हता. प्रत्येक भाग नीट बसवलेला होता. मात्र एकही भाग बदलण्याआधी तो खराब असल्याचे कोणी तपासून पाहिले नव्हते. जुन्या गाडीत अशा पद्धतीचा एक निराळाच तोटा होतो. नवा म्हणून मिळणारा भाग कधी कधी जुन्यापेक्षा कमी दर्जाचा असतो, आणि मग मूळ दोषात आणखी एकाची भर पडून कोणते लक्षण कशाचे हे ओळखणे अवघड होते.

अखेरीस ओळखीतून एका वयस्कर मेकॅनिककडे जाणे झाले. त्यांचे सारे आयुष्य फियाट आणि पद्मिनी दुरुस्त करण्यात गेले आहे. बॉनेट उघडण्याआधी ते म्हणाले, "काय बदलायचं ते मागनं बघू. आधी मला सांगा, ती कुठं बंद पडते, कुठल्या गिअरला, टाकीत पेट्रोल किती असताना, आणि बंद पडताना आवाज कसा येतो." या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून मी गाडीत एक वही ठेवली. काही फेऱ्यांनंतर वहीतून तीन गोष्टी ठळकपणे दिसल्या. गाडी थंड असो वा गरम, सपाटीवर ती कधीच बंद पडत नव्हती. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लागला की साधारण मिनिटाभराने गचके सुरू होत. आणि टाकी भरलेली असताना त्रास कमी, पेट्रोल पाव टाकीवर आले की हमखास. ही तिसरी नोंद पुढे फार महत्त्वाची ठरली. भाग बदलल्यावर काही दिवस गाडी बरी का वाटे याचाही थोडा उलगडा तिच्यातून झाला, कारण गॅरेजमधून गाडी आणली की पहिल्यांदा टाकी भरण्याची आमच्या घरची जुनी सवय आहे.

पुढचे समजण्यासाठी पेट्रोलचा मार्ग डोळ्यांसमोर हवा. पद्मिनीची टाकी मागे आणि १०८९ सीसीचे इंजिन पुढे असते. टाकीतून निघालेले पेट्रोल एका आखूड रबरी नळीतून गाडीच्या पोटाखालच्या धातूच्या पाइपात येते, तेथून पुढच्या रबरी नळीतून, आमच्या गाडीत नंतर बसवलेल्या पारदर्शक फिल्टरमधून, इंजिनाच्या अंगावरच्या यांत्रिक पंपात पोहोचते. या पंपाला गॅरेजमध्ये सगळे एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी हलवतो, दांडी रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, खाली ओढते आणि पेट्रोल पंपात शिरते. नंतर स्प्रिंग डायफ्रामला वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. या पंपाचा दाब फार थोडा, साधारण २ ते ४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) एवढाच असतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबर या छोट्या साठ्यात तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोल आत सोडणारा नीडल व्हॉल्व्ह बंद होतो, खाली गेला की उघडतो, आणि चेंबरमधले पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून हवेच्या प्रवाहात ओढले जाते.

या मार्गाचे दोन भाग पडतात. टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढले जाते आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत ते ढकलले जाते. ढकलण्याच्या भागात भेग पडली तर पेट्रोल गळते, वास येतो, डाग दिसतो. ओढण्याच्या भागात बिघाड झाला तर बाहेर थेंबही येत नाही. हवा आत शिरते किंवा वाट अरुंद होते, आणि दोन्ही वेळा बाहेरून सारे कोरडे, स्वच्छ दिसते. त्यामुळेच तेथल्या दोषाकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि समोर दिसणारा कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा खोलला जातो.

चढावरच दोष का दिसतो हे कळण्यासाठी मी थोडा हिशेब केला. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने आणि लिटरला १२ किलोमीटरच्या सरासरीने चालणाऱ्या गाडीला तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर पेट्रोल लागते. ४० अश्वशक्तीच्या आसपास असलेल्या या इंजिनाकडून घाटात पूर्ण ताकद घ्यायची तर ही गरज मिनिटाला २०० मिलिलिटरच्या घरात जाते. आता समजा, कोठेतरी वाट अरुंद होऊन पुरवठा मिनिटाला शंभर-सव्वाशे मिलिलिटरवर आला आहे. सपाटीवर गाडीला काहीच जाणवणार नाही. चढावर मात्र फ्लोट चेंबरमधला साठा उपसला जाईल, आणि तो साठा जेमतेम अर्धी वाटी असल्यामुळे अर्ध्या-एक मिनिटात संपेल. वहीतील "साधारण मिनिटाभराने" या नोंदीशी हे तंतोतंत जुळत होते.

तरीही पेट्रोलच्या मागे लागण्यापूर्वी करंटचा संशय फेडणे आवश्यक होते. इग्निशनमधला, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतला, दोष आणि पेट्रोलचा तुटवडा यांच्या बंद पडण्याच्या रीती वेगळ्या असतात. कॉइल गरम होऊन सोडते किंवा लो टेन्शनची वायर निसटते तेव्हा गाडी चावी फिरवल्यासारखी एकदम मरते. पेट्रोल कमी पडते तेव्हा ती आधी अडखळते, कार्ब्युरेटरमधून फट् असा बारीक उलटा आवाज येतो, क्षणभर सावरते आणि मग ढासळत जाते. आमची गाडी दुसऱ्या प्रकारे बंद पडत होती. याला पुष्टी देणारी सोपी चाचणी म्हणजे गचके सुरू होताच चोक थोडा ओढणे. चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. करंटचा दोष असेल तर त्याने काही सुधारणा होण्याचे कारण नाही. दिवे घाटात पहाटेच्या तुरळक रहदारीत मी हे करून पाहिले. चोक ओढताच गाडीने काही क्षण जोर धरला आणि मग पुन्हा सोडला. त्याच चढावर, गचके ऐन भरात असताना, रुंद जागा पाहून इग्निशन बंद केले, त्याच क्षणी क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. असे केल्याने प्लगवर त्या वेळच्या ज्वलनाचा रंग जसाच्या तसा राहतो. स्लोवर आणून बंद केली तर तो पुसला जातो. चारही प्लगची पोर्सेलीन टोके खडूसारखी पांढरी होती. एखादाच प्लग पांढरा असता तर त्या सिलिंडरपुरती हवा शिरत असल्याचा संशय आला असता. चारही एकसारखे पांढरे म्हणजे सगळ्यांनाच पेट्रोल कमी पडत होते.

रस्त्यात थांबलेल्या प्रत्येक वेळी कोणी ना कोणी येऊन एकच निदान सांगे : पंप तापला, पेट्रोलची वाफ झाली, ओले फडके टाका. हा सल्ला खोटा नाही. पद्मिनीचा पंप इंजिनालाच चिकटून असतो, एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढताना त्याच्यात आणि जवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊ शकते आणि वाफेने भरलेला पंप पेट्रोल ओढू शकत नाही. मुंबई-पुणे मार्गावरच्या जुन्या टॅक्सीचालकांकडे पाण्याची बाटली आणि फडके या कारणानेच असे. पण फडके टाकून गाडी सुरू झाली एवढ्यावरून वाफ हेच कारण ठरत नाही, कारण फडके भिजवून, पिळून, पंपावर ठेवून वाट पाहण्यात पाच-सात मिनिटे जातातच. म्हणून एकदा फडके टाकून आणि पुढच्या वेळी काहीही न करता, घड्याळ लावून तेवढाच वेळ थांबलो. दोन्ही वेळा गाडी सारखीच सुरू झाली. शिवाय पहाटेच्या गारव्यात, इंजिन नुकतेच तापलेले असतानाही तेच घडत होते. उष्णता हे मुख्य कारण नसल्याचे यावरून स्पष्ट झाले.

यानंतरची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला पाना-पकडीपलीकडे काहीही लागत नाही. गाडी चढावर बंद पडताच बॉनेट उघडून एअर क्लीनर बाजूला केला आणि कार्ब्युरेटरच्या घशात पाहत थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेची, दांडी हाताने ओढली. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल असेल तर ॲक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून प्रत्येक ओढीला पेट्रोलची सरळ, चमकदार धार पडते. त्या दिवशी पहिल्या ओढीला दोन थेंब आले आणि नंतर काहीच नाही. पाच-सात मिनिटांनी सेल्फ मारून पाहिले तेव्हा धार पूर्ववत झाली. याचा अर्थ चेंबर रिकामे होत होते. जेट, इमल्शन ट्यूब, मिक्श्चर स्क्रू या सगळ्यांचे काम चेंबरच्या पुढचे असल्यामुळे ते सारे एका झटक्यात संशयातून बाहेर पडले. कार्ब्युरेटरमध्ये संशयास्पद उरला तो फक्त नीडल व्हॉल्व्ह आणि त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी.

तो संशय फेडण्यासाठी गाडी गॅरेजमध्ये नेऊन कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडली आणि तिचे टोक काचेच्या बाटलीत धरले. हे काम करताना काळजी घ्यावीच लागते. गाडी मोकळ्या हवेत उभी होती, इंजिन थंड होते, ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची तार काढून ठेवली होती आणि अग्निशामक हाताशी होता. प्लास्टिकच्या बाटलीऐवजी काचेची घेतली, कारण आत काय चालले आहे ते पाहणे हाच चाचणीचा हेतू होता. एका माणसाने सेल्फ मारला. पहिल्या काही ठोक्यांना धार जोमदार आली, मग ती बारीक झाली आणि पेट्रोलबरोबर बुडबुडे येऊ लागले. कार्ब्युरेटर या चाचणीत जोडलेलाच नव्हता, तरी पुरवठा तुटत होता. नीडल व्हॉल्व्हही निर्दोष ठरला.

आता पंप किंवा त्याच्या मागचा मार्ग. बहुतेक ठिकाणी येथे पंप बदलला जातो. आमच्या मेकॅनिककाकांनी पंपाची टाकीकडून येणारी नळी काढली आणि दुसरी, नवी, आखूड नळी जोडून तिचे टोक इंजिनाशेजारी ठेवलेल्या स्वच्छ डब्यातील पेट्रोलमध्ये बुडवले. पुन्हा सेल्फ मारला. या वेळी बाटलीत ठोक्याठोक्याने भरदार धार पडत राहिली आणि एकही बुडबुडा आला नाही. तोच पंप, तोच डायफ्राम; बदलली होती फक्त पेट्रोल येण्याची वाट. ऑइलची पट्टी काढून वास घेतला तर त्यालाही पेट्रोलचा वास नव्हता. डायफ्राम फाटलेला असता तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरून तो आला असता. एक नळी आणि एक डबा एवढ्या साधनांवर पंपाची किंमत वाचली.

उरला टाकी ते पंप हा टप्पा. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले तर पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत निर्वात तयार होते आणि पंपाला ओढणे जड जाते. झाकण सैल ठेवून दिवे घाटात फेरी मारली. काही फरक पडला नाही, म्हणून झाकण संशयातून सुटले. पुढचा धागा फिल्टरने दिला. पारदर्शक फिल्टरच्या तळाशी काळसर कण जमले होते. जुन्या टाकीत गंज असणारच असे धरून त्यांना गंज म्हणणे सोपे होते. ते कण काकांनी कागदावर ओतले, वाळू दिले आणि कागदाखालून चुंबक फिरवला. टाकीतून येणाऱ्या गंजाच्या पापुद्र्यांतले काही कण तरी चुंबकाबरोबर सरकतात. यातला एकही हलला नाही. मग त्यांनी एक कण चिमटीत धरून चोळला, तेव्हा बोटांवर शाईसारखा काळा पट्टा उमटला. ते रबर होते. आणि फिल्टर पंपाच्या अलीकडे बसवलेला असल्यामुळे ते रबर टाकी आणि फिल्टर यांच्यामधल्याच कोणत्या तरी नळीतून सुटलेले असणार, हे उघड झाले.

त्या टप्प्यात रबरी नळ्या दोनच होत्या. पुढची नळी हाताला नरम लागत होती, पण तिच्या आतून उजेड सरळ दिसत होता. टाकीखालची नळी बाहेरून उत्तम दिसत होती. भेग नाही, फुगवटा नाही, क्लॅम्प घट्ट. नेहमीची पद्धत म्हणून पंपाकडच्या टोकातून कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबाने, झाकण उघडे ठेवून, मागे टाकीकडे सोडली. टाकीत व्यवस्थित गुडगुड ऐकू आली. वाट मोकळी आहे असाच याचा अर्थ कोणीही लावला असता. काकांनी मात्र मान हलवली. ते म्हणाले, "हवा आपण उलटी मारली. पंप तशी मारत नाही, तो ओढतो. ओढूनच बघायला पाहिजे."

त्यांच्याजवळ इन्टेक मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीची, ओढ मोजण्याचे व्हॅक्यूम गेज होते. ते टी-जोड वापरून पंपाच्या अलीकडच्या नळीत बसवले आणि गाडी उभ्या जागी सुरू केली. कार्ब्युरेटरला जाणारे पेट्रोल स्लोवर इतके थोडे असते की काटा जेमतेम हलला. रेस वाढवून धरली तसा काटा चढत गेला आणि पाऱ्याच्या ८ इंचांच्या आसपास जाऊन थरथरू लागला. टाकीखालची नळी काढून तेथून थेट डब्यातले पेट्रोल दिले तेव्हा तेवढ्याच रेसवर काटा जवळपास खालीच राहिला. बाटलीतल्या बुडबुड्यांचाही उलगडा झाला. पेट्रोलवर एवढी ओढ बसली की त्यावरील दाब घटतो आणि ते नेहमीपेक्षा कमी तापमानाला उकळू लागते. ते बुडबुडे बाहेरून शिरलेल्या हवेचे नसून पेट्रोलच्याच वाफेचे होते. टाकी भरलेली असताना पेट्रोलच्या पातळीची थोडीशी मदत मिळून ही ओढ किंचित हलकी होत असे, आणि दोष काठावरचा असल्यामुळे तेवढीही मदत पुरत असे.

ती नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरचा थर टणक आणि काळाभोर होता, मधली सुताची वीण शाबूत होती, आतला थर मात्र पेट्रोल पिऊन फुगला होता आणि दीड-दोन बोटे लांबीपर्यंत विणीपासून सुटला होता. सुटलेला पापुद्रा पंपाकडच्या टोकाशी अडकलेला आणि टाकीकडच्या टोकाशी मोकळा होता. कागदी नळीने घट्ट ताक ओढताना ती मध्येच चपटी होऊन बसते, तशी पंपाची ओढ वाढली की हा पापुद्रा आतल्या आत वाट बुजवत असे. उलटी हवा मारली की तोच भिंतीला चिकटून वाट मोकळी करी. ओढ थांबली की तो सैल पडे, पाइपात पुन्हा पेट्रोल भरे आणि गाडी सुरू होई. रस्त्याकडेच्या त्या पाच-सात मिनिटांत प्रत्यक्षात एवढेच घडत होते.

नळी आतून का सुटली याचा विचार करताना पेट्रोलमधल्या इथेनॉलकडे दुर्लक्ष करता येत नाही. देशभरात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली. ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांच्या रबरी नळ्या, डायफ्राम आणि पॅकिंग या मिश्रणाचा विचार करून बनवलेली नव्हती. साध्या नायट्राइल रबराच्या स्वस्त नळ्या त्यात फुगतात, नरम पडतात आणि त्यांचे थर सुटू शकतात. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. देशाची तेलाची आयात आणि ऊस उत्पादकांचे हित या दोन्ही गोष्टींचे महत्त्व मला पटते. पण जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची असेल तर आपल्या टाकीत काय आहे हे माहीत असलेच पाहिजे. ते घरी मोजता येते. १०० मिलिलिटरच्या उभ्या काचेच्या मापात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, तोंड बंद करून हलवावे, मधूनमधून वाफ सोडावी आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि तळाच्या थराची उंची वाढते. २० टक्के मिश्रण असेल तर ९० मिलिलिटरमध्ये १८ मिलिलिटर इथेनॉल येते, म्हणून तळाचा थर २८ च्या आसपास जातो. आमच्या मापात तो तेथेच आला. हा प्रयोग उघड्यावर, आगीपासून दूर करावा आणि ते पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

नव्या नळीसाठी नाना पेठेत बरेच फिरावे लागले. दुकानात "पेट्रोल पाइप" मागितला की मीटरवर मोजून साधी नळी हातात पडते. मला आतून फ्लुओरोइलास्टोमर या खास रबराचा थर असलेली, एसएई जे३० आर९ या मानकाची छाप असलेली नळी हवी होती, कारण ती इथेनॉलच्या मिश्रणाला टिकते. ती कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्यांसाठी विकली जाते, महाग असते आणि थोडी ताठ असल्यामुळे वळणावर मुडपणार नाही अशा बेताने लांबी कापावी लागते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. क्लॅम्प दात्यांचे न घेता गुळगुळीत पट्टीचे घेतले, कारण दात्यांच्या क्लॅम्पच्या कडा नळीचे वरचे कवच कापतात. पंप खोलून त्याचा डायफ्रामही नव्या मिश्रणाला चालेल असा बसवला. तो खराब झालेला नव्हता, पण ज्या पेट्रोलने नळीची ही गत केली त्याच पेट्रोलमध्ये तोही बुडालेला होता. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना तर त्याआधीच वीसेक वर्षे थांबला होता. टॅक्सींमुळे टिकून असलेली सुट्या भागांची बाजारपेठ आता आक्रसत जाणार, म्हणून चांगला डायफ्राम मिळतो आहे तोवर एक जादा घेऊन ठेवला आहे.

पुढची फेरी मुद्दाम पाव टाकीवर, भर दुपारी, दिवे घाटातच केली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेल्या स्थितीत, एकही गचका न घेता माथ्यावर पोहोचली. तेथे थ्रॉटल ओढून पाहिले. धार भरदार होती. गेजचा काटाही गॅरेजमध्ये खालीच राहिला. नंतर खंबाटकीही झाला.

प्लग मात्र अजून फिकट होते. खडूसारखे पांढरे नव्हेत, पण हवा तसा फिका तपकिरी रंगही नव्हता. याचे कारण पुरवठ्यात नव्हते, मिश्रणात होते. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते समजत नाही. जेटचे छिद्र तेच, हवा तीच, म्हणून इंजिन सुमारे ८ टक्के पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणावर चालते. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. १२० च्या जागी १२५ चा जेट घातला तर छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे जेवढी तूट तेवढीच भरपाई. काकांनी त्यांच्या जुन्या डब्यातून एक पायरी वरचा जेट काढून बसवला. तारेने किंवा रीमरने जुने छिद्र मोठे करायला त्यांचा सक्त विरोध आहे, कारण एकदा मूळ माप गेले की पुढे कोणत्याही हिशेबाला आधार उरत नाही.

स्लोचे काम वेगळे असते. तेथे स्लोपुरते पेट्रोल देणारा पायलट जेट आणि त्याचे प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू यांचा संबंध येतो, मेन जेटचा नाही. मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तेथे ठेवला आणि लगेच पीयूसी केंद्रावर नेऊन आकडे पाहिले. या काळातल्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळालेल्या पेट्रोलची, १५०० पीपीएम (दशलक्षात १५०० भाग) आहे. आमची गाडी दोन्हींत आरामात बसली. पीयूसी यंत्राचा उपयोग केवळ प्रमाणपत्रापुरता न करता असा निदानासाठी करावा, हे मी आवर्जून सुचवेन : कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसला तर मिश्रण जाड आहे, आणि तो कमी असून हायड्रोकार्बन मात्र वाढलेले असतील तर मिश्रण इतके पातळ आहे की ठिणगी पडूनही काही वेळा ते पेट घेत नाही.

नव्या नळ्यांवर पांढऱ्या रंगाने महिना आणि वर्ष लिहून ठेवले आहे. त्या बाहेरून कितीही चांगल्या दिसल्या तरी ठरावीक मुदतीने टाकीखालची नळी काढायची आणि आतून पाहायची असे आम्ही ठरवले आहे. पावसाळ्यात गाडी बराच काळ उभी राहते आणि इथेनॉल हवेतली ओल धरते, त्यामुळे त्या काळात टाकी जवळपास भरलेली ठेवतो, जेणेकरून आत दमट हवेला जागा कमी राहील. टाकी अजून उतरवलेली नाही. दिवाळीनंतर ती काढून आतली जाळी आणि तळ पाहायचा आहे, आणि तोपर्यंत फिल्टरमध्ये जमणारा प्रत्येक कण कागदावर काढून चुंबकाखाली तपासणे चालू आहे.